काकांचं गणित आणि एसटीचं डिझेल

परवा पुतण्याची मुलगी घरी आली होती. तिला चाकणला नोकरी लागली आहे. निगडीहून रोज जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पडतात, म्हणून जुनी गाडी घ्यायचा विचार चालला आहे. "आजोबा, पेट्रोलची घेऊ की डिझेलची? बाबा म्हणाले, गणित आजोबांकडून करून घे."

मला हसू आलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. कारण २०१२ साली तिच्या बाबाला हेच गणित मी मोठ्या ऐटीत करून दिलं होतं. आकडे सगळे बरोबर होते. चूक दुसरीच होती, आणि ती कळायला मला पुढे वर्ष गेलं.

तेव्हा पुतण्याची नोकरी रांजणगावला होती. निगडीहून चाकण, तिथून शिक्रापूर आणि पुढे नगर रस्त्याने रांजणगाव. रोजचे सव्वाशे किलोमीटर, वर्षाचे दिवस धरले २८०, म्हणजे ३५ हजार किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला १५ जाते असं धरलं, डिझेलची २०. भाव वर्तमानपत्रात छापून येणारे दिल्लीचे घेतले. मे २०१२ च्या त्या मोठ्या दरवाढीनंतर पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होतं आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. पूर्ण रुपयांत मांडलं तर पेट्रोलचा वर्षाचा खर्च सुमारे १ लाख ७० हजार आणि डिझेलचा ७२ हजार. बचत साधारण ९८ हजार! डिझेलची गाडी घेताना लाखभर रुपये जास्त पडत होते, ते एका वर्षात वसूल. "काका, विषयच संपला," म्हणाला आणि डिझेलची गाडी घेऊन आला. पेढेही आले.

आता ती चूक. ही ९८ हजारांची बचत आली कुठून, हे मी विचारलंच नाही.

थोडी बचत इंजिनाची होती, ती खरीच. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात हवाच इतकी दाबतात, पंधरा-वीस पट, की ती तापते आणि त्यात तेल शिंपडलं की आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली असं इंजिन नीट चालवून दाखवलं. या दाबामुळे इंधनातून काम जास्त निघतं, शिवाय एका लिटर डिझेलमध्ये ऊर्जाही थोडी जास्त असते. म्हणून गाडी लांब जाते. पण समजा, दोन्हींचा भाव ७३ रुपयेच असता तर? तर बचत झाली असती ४२-४३ हजार. उरलेले ५६ हजार इंजिनाने दिलेले नव्हते. ते दिले होते भावातल्या बत्तीस रुपयांच्या फरकाने. आणि तो फरक निसर्गाने नव्हे, सरकारने ठरवलेला होता. मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला आणि गणित करताना नेमका इतिहासच गाळला!

तो इतिहास असा. आमच्या लहानपणी मोटार ही श्रीमंताची गोष्ट होती आणि ती पेट्रोलवर चालायची. डिझेल म्हणजे ट्रक आणि विहिरीवरचं इंजिन. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. त्यानंतर खेडोपाडी "विहिरीवर इंजिन बसवलं" असं कोणी म्हणालं की कसलं इंजिन, हे विचारावं लागत नसे. पुढे एसटीही डिझेलवर धावू लागली. १९७३ च्या तेलसंकटात जगभर भाव भडकले, तेव्हा आपल्याकडचा हिशोब सरळ होता. पेट्रोलवर कर जास्त लावा, तो गाडीवाल्यांकडून येईल. डिझेल स्वस्त ठेवा, कारण ते महागलं तर भाजी महागेल, तिकीट महागेल, शेताचं पाणी महागेल. या धोरणात मला आजही काही गैर वाटत नाही.

पण स्वस्त वस्तूला वाटा फुटतातच. डिझेलच्या मोटारी आधीही होत्या, डिझेलची अ‍ॅम्बॅसडर अनेकांना आठवत असेल. मात्र मध्यमवर्गाच्या मनात डिझेल शिरलं ते आपल्या पिंपरीतून. ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना उचलून टेल्कोने इथे आणला आणि डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका बाजारात आली. एक लाखाहून अधिक नोंदण्या झाल्या. गावात केवढा आनंद होता! घराघरात कोणी ना कोणी टेल्कोत, त्यामुळे ती आपलीच गाडी वाटायची. छोटी मोटार, तीही डिझेलवर. शेतकऱ्यासाठी आणि एसटीसाठी स्वस्त ठेवलेलं तेल मग आमच्यासारख्यांच्या दारात आलं. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव मोकळे झाले, डिझेलचे मात्र बांधलेलेच राहिले. फरक वाढत गेला. २०१२-१३ मध्ये तर देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. सगळ्यांच्या घरी कोणीतरी काका हेच गणित करत असणार.

आणि मग आला जानेवारी २०१३. तूट फार वाढली म्हणून सरकारने ठरवलं, की पंपावर डिझेल महिन्याला थोडं थोडं वाढवायचं, पण घाऊक घेणाऱ्यांनी लगेच पूर्ण बाजारभाव द्यायचा. घाऊक घेणारे कोण? रेल्वे आणि राज्यांची परिवहन महामंडळं. म्हणजे आपली एसटी. लिटरमागे सुमारे दहा रुपये जास्त! काही राज्यांत तर परिवहनच्या बसगाड्या साध्या पंपांवर रांगेत लागल्या.

ही बातमी मी दोनदा वाचली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर धावली. पुतण्या शिक्रापूरहून पुढे रोज त्याच रस्त्याने जायचा. आता त्या रस्त्यावर चित्र काय होतं? पन्नास माणसं घेऊन जाणारी एसटी महाग डिझेल जाळते आहे आणि शेजारून एकटा माणूस घेऊन जाणारी आमची मोटार सवलतीचं. ज्याच्या नावाने सवलत ठेवली होती, तोच सवलतीबाहेर गेला आणि आम्ही आत राहिलो. पुतण्याने काही वावगं केलं असं नाही. त्याने पंपावरचा भाव दिला. पण मला ते पेढे आठवले.

आणखी एक रकाना मी सोडला होता, धुराचा. जून २०१२ मध्ये, म्हणजे मी ऐटीत गणित करत होतो त्याच सुमारास, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगाचं निश्चित कारण ठरवलं. पुढे २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रकरण निघालं. तपासणीच्या वेळी धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर! आपल्या पुण्याच्या एआरएआयने इथल्या गाड्या तपासल्या आणि त्या कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी बोलावल्या.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही भाव मोकळे झाले. २४ जून २०२० ला तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा बारा पैशांनी महाग झालं! त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून बीएस-६ चे नियम आले. धूर गाळायची यंत्रणा लागली, डिझेल गाड्या आणखी महागल्या आणि मारुतीने तर त्या बनवणंच बंद केलं. इतकी वर्षं पक्कं वाटलेलं गणित भाव बदलताच ढासळलं.

तर नातीला मी काय सांगितलं? तुझे वर्षाचे दहा-अकरा हजार किलोमीटर, तेही बरेचसे चाकणच्या कोंडीत. आपल्याकडे डिझेल अजून काही रुपयांनी स्वस्त आहे, पण ते बत्तीस रुपये गेले. नवीन डिझेल गाडीची काजळीची जाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी तापून पळाली तरच साफ होते, कोंडीत ती तुंबते. आणि जुनी बीएस-४ डिझेल घेतलीस तर तिचा धूर मोशी-भोसरीच्या लोकांनी गिळायचा. तेव्हा पेट्रोलचीच घे. बाबाचे सव्वाशे किलोमीटर वेगळे होते, तिथे डिझेलचं इंजिन आजही आपल्या बळावर थोडं वाचवून देईल.

"आणि विजेची?" तिने विचारलं. चाकणलाच बनतात आता. मी म्हटलं, जरूर बघ. पण त्या गणितात करसवलतीचा आकडा येईल, तेव्हा त्याच्यासमोर एक रकाना मोकळा ठेव. हे पैसे कोण भरतंय, आणि ही सवलत मुळात कोणासाठी होती, हे त्यात लिही. त्रैराशिक काय, पाचवीतलं पोरही करतं.

असो. जरा लांबलंच आज.