बागुलबुवा आणि व्हिएन्नाचा घोडा

मूल जेवत नाही म्हणून त्याला बागुलबुवाची भीती घालणे तळोजा-पनवेलच्या घरांना नवे नाही. ही भीती मोठ्यांनी पुरवलेली. पण कुणीही न घातलेली भीती मुलाच्या मनात कुठून येते?

१९०९ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी ‘छोट्या हान्स’ची हकिकत प्रसिद्ध केली. व्हिएन्नातला हा ५ वर्षांचा मुलगा घोडा चावेल म्हणून रस्त्यावर जायला घाबरे. रस्ते तर घोडागाड्यांनी भरलेले. आपल्या मुंबईतही १९०५ पर्यंत ट्राम घोडेच ओढत. फ्रॉइड म्हणाले, आईच्या प्रेमातले वाटेकरी म्हणून वडिलांचा राग येतो, त्यांच्या शिक्षेची धास्तीही वाटते. ती धास्ती घोड्यावर ढकलली गेली. घोडा टाळता येतो, वडील कसे टाळणार?

गंमत अशी, की उपचार केले वडिलांनीच. शिवाय हान्सने गाडीचा घोडा कोसळताना पाहिला होता. भीतीला तेवढे कारण पुरे, असा आक्षेप वोल्पी आणि रॅकमन यांनी १९६० मध्ये घेतला. मला तो पटतो. तरीही मुलाच्या ‘वेड्या’ भीतीबद्दल त्यालाच बोलू द्यावे, हे त्या काळी नवीनच होते.

आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली. तिची मुंबई शाखा १९४५ मध्ये उभी केली ती एमिलियो सर्वादिओ यांनी. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे ते १९३८ मध्ये इटली सोडून आले होते.

१९२२ मध्येच हान्स फ्रॉइडना भेटला. १९ वर्षांचा धडधाकट तरुण! स्वतःचीच हकिकत त्याने वाचली होती, पण त्यातले जवळजवळ काहीच त्याला आठवत नव्हते.