चोरखिसा

आमचे वडील प्रवासाला निघाले की आदल्या रात्री आई त्यांच्या बंडीला आतून चोरखिसा शिवत असे. चोरापासून पैसे लपवतो तो चोरखिसा, असं वडील आम्हांला समजावून सांगत. पण १९७८ साली भुसावळ स्टेशनावर जे घडलं, त्यावरून हा खिसा मुळात चोराच्याच सोयीसाठी शिवलेला असतो, असं माझं मत बनलं. ते पुढे येईलच.

आत्ता हे आठवायचं कारण म्हणजे आमची काशीयात्रा. चिरंजीवांनी ती आमच्या देखत, जेवता जेवता ठरवली. डाव्या हातात फोन, उजव्या हाताने भात कालवणं चालू. आमटी वाढून होईतो गाडीची तिकिटं निघाली होती, ताकाच्या वेळेला वाराणसीची खोली ठरली. मध्येच फोनवर सहा आकडी मंत्र आला, तो त्यांनी मनातल्या मनात म्हटला आणि आचवायला उठले.

"अरे, पण पैसे कुठे ठेवू?" मी विचारलं.

"पैसे न्यायचेच नाहीत, बाबा. कार्ड आहे, फोन आहे."

पैसे न नेता काशीला फक्त संन्यासी जातात अशी माझी समजूत होती. सौभाग्यवतींनी तर सुई-दोरा काढूनही ठेवला होता! मग मी त्या रात्री आमच्या आधीची माणसं पैसे कुठे ठेवत होती, याचा शोध घ्यायला बसलो.

तर मंडळी, पैसे न नेता प्रवास करायची कल्पना चिरंजीवांची नव्हे. आपले सावकार शेकडो वर्षं हुंड्या लिहीत आले आहेत. आपल्या गावच्या पेढीवर रोकड भरायची, कागद घ्यायचा आणि परगावच्या पेढीवर तो दाखवून पैसे उचलायचे. दाखवल्याबरोबर पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी मिळत ती मुदती. शहाजोग म्हणून एक हुंडी असे. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. म्हणजे आज बँकेत आपल्याकडून अधूनमधून आपणच आपण असल्याचा पुरावा मागतात, त्याची ही पणजी. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. आमच्या घरात छत्र्या ज्या वेगाने हरवतात तो पाहता, आम्ही थेट परपेठेपासूनच सुरुवात केली असती.

सगळ्यांत नामांकित हुंडी नरसी मेहतांची. जुनागढच्या या भक्ताकडे, म्हणे, टवाळांनी द्वारकेच्या यात्रेकरूंना पाठवून दिलं. वाटेत चोराचिलटांचं भय, तेव्हा सातशे रुपयांची हुंडी लिहून द्या, असं यात्रेकरू म्हणाले. मेहतांच्या घरात सात रुपये निघायची मारामार. पण त्यांनी द्वारकेच्या शामळशा शेठजींवर हुंडी लिहिली. असा शेठ द्वारकेत कुणी नव्हताच! तरी तो उगवला आणि त्याने पैसे मोजले, कारण तो साक्षात श्रीकृष्ण होता. खात्यात शिल्लक नसताना खर्च करायचा आणि भरणा कुणीतरी करील अशी श्रद्धा बाळगायची, या पद्धतीला आता क्रेडिट कार्ड म्हणतात. फरक इतकाच की महिनाअखेर श्रीकृष्ण येत नाही, बिल येतं.

ज्यांच्याजवळ हुंडी नव्हती त्यांचे हाल काय वर्णावेत! वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडावं म्हणून. नेमकं साल गाठलं! मिळवलेलं वाटेत लुटलं गेलं, झाशीच्या आकांतातून जीव तेवढा वाचला आणि भटजी घरी आले ते गंगेची कावड घेऊन. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. पैसा जवळ बाळगणं म्हणजे काय, हे ते पुस्तक वाचल्यावर कळतं.

खरं म्हणजे तोवर इकडे आगगाडी आली होती. १६ एप्रिल १८५३ ला ती बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तिकडे विलायतेत तर टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने १८४१ सालीच पाचेकशे माणसं माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लॉफबरोला गाडीने नेली होती. तीही दारूबंदीच्या सभेला! आजच्या सहलींच्या पूर्वजाचा हा सात्त्विकपणा पुढच्या पिढ्यांना का झेपला नाही, कोण जाणे. याच कुकने १८७४ साली प्रवाशांसाठी नोटांसारखे कागद काढले, परदेशी हॉटेलात आणि बँकेत वटणारे. मग अमेरिकन एक्स्प्रेसचे अध्यक्ष फार्गो १८९० च्या सुमारास युरोपात हिंडले. जवळ पतपत्रं होती, पण मोठी शहरं सोडली तर त्यांना कुणी विचारीना. साहेब संतापून परतले आणि बेरी नावाच्या हाताखालच्या माणसाला कामाला लावलं. १८९१ साली ट्रॅव्हलर्स चेक निघाला. त्यातली युक्ती इतकी साधी की राग यावा: एक सही चेक घेताना करायची, दुसरी वटवताना समोरच्याच्या देखत. दोन्ही जुळल्या की पैसे. हा चेक माझ्या वाट्याला आला नाही ते बरंच झालं. माझ्या दोन सह्या कधी सख्ख्या बहिणीसारख्यासुद्धा दिसलेल्या नाहीत.

कार्डाची जन्मकथा सगळ्यांना ठाऊक आहे. १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅक्नमारा हॉटेलात जेवले आणि पाकीट घरी राहिल्याचं लक्षात आलं; त्यातून १९५० साली डायनर्स क्लब निघाला. ही कथा बरीचशी रंगवलेली होती असं क्लबाच्याच जाहिरातवाल्याने पुढे कबूल केलं. मला ती खरी वाटते. आमच्या कचेरीत चहाचे पैसे द्यायच्या वेळी पाकीट घरी राहिलेले तीन मॅक्नमारा होते. ते पहिलं कार्ड पुठ्ठ्याचं होतं. त्यावर काळी पट्टी डकवायचं कोडं १९६० च्या सुमारास आयबीएमचे पॅरी यांना सुटेना. बायको इस्त्री करत होती, ती म्हणाली, इस्त्रीने चिकटवून बघा. चिकटली! आमच्याकडे सेंट्रल बँकेचं कार्ड १९८० साली आलं, पण ते ज्यांच्या खिशात असे त्यांना प्रवासाची चिंता मुळात नव्हतीच.

आमची चिंता निराळी होती, रिझर्वेशनची. पहाटे रांगेत पिशवी ठेवायची. खिडकीपलीकडे बाडासारखी रजिस्टरं, त्यात हाताने नावं. परतीची जागा हवी असेल तर तिकडच्या स्टेशनाला तार जायची आणि उत्तर येईतो माणूस परतलेला असायचा. १९८५ च्या नोव्हेंबरात नवी दिल्लीला संगणकाने आरक्षण सुरू झालं, १९९९ साली पाच ठिकाणचे संगणक एकमेकांशी बोलायला लागले. २००२ च्या ऑगस्टमध्ये घरबसल्या इंटरनेटवर तिकीट निघू लागलं, पण ते छापून कुरियरने घरी येई! कुरियरवाल्याची वाट पाहत दारात बसायचं, म्हणजे रांग होतीच, फक्त एका माणसाची.

आता भुसावळ. १९७८ साली नागपूरला आत्याचं ऑपरेशन होतं. वडिलांनी सहाशे रुपये जमवले, ते चोरखिशात. भुसावळला ते पाणी भरायला उतरले आणि गर्दीतून परत आले ते छातीवर हात ठेवून. बंडी ब्लेडने कापलेली. वडिलांच्या अंगाला जराही न लागता! काम करणाऱ्याचा हात साफ होता, एवढं म्हणायलाच हवं. वडील मात्र डब्याच्या दाराशी नुसते उभे राहिले. त्यांना तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही.

फलाटावरचा एक केळीवाला हे बघत होता. त्याने टोपलीतली डझनभर केळी माझ्या हातात दिली आणि दहा रुपये वडिलांच्या. "पुढं टांग्याला लागतील," म्हणाला. वडिलांनी नाव-पत्ता विचारला. "परत येताना द्या की!" म्हणाला आणि गाडी सुटली. नागपुरातून वडिलांनी कचेरीतल्या स्नेह्याला तार केली, तारेची मनीऑर्डर तिसऱ्या दिवशी आली, आत्या बरी झाली. परतताना भुसावळ रात्री दोनला आलं. केळीवाला नव्हता. पुढे जेव्हा जेव्हा त्या बाजूला गेले तेव्हा वडील दहाची नोट मुठीत धरून फलाटावर उतरत आणि ती तशीच परत आणत. तो माणूस पुन्हा भेटला नाही.

आमची काशीची गाडीही भुसावळवरूनच गेली. मी उतरलो. समोर केळीवाला, पोरगेलासा, गळ्यात चौकटी-चौकटींचा तो कागद लटकवलेला. एक डझन घेतली, साठ रुपये. फोन समोर धरला. त्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. गाडीने शिट्टी दिली. खिसे चाचपले; चिरंजीवांची आज्ञा मी तंतोतंत पाळली होती. केळी परत करू लागलो तर पोरगा हसला.

"राहू द्या, काका. परत येताना द्या."

चालत्या गाडीच्या दारातून मी मान डोलावली. परतीची तिकिटं चिरंजीवांनी विमानाची काढली होती.