खलिता: वाळकीच्या तळापासून नगरच्या किल्ल्यापर्यंत

‘खलिता’ हा मुळात पत्राचा नव्हे, पिशवीचा शब्द. अरबी-फारसीतल्या ‘खरीता’चं हे मराठी रूप. राजेरजवाड्यांचं पत्र आधी मलमलीच्या आणि मग किनखापाच्या थैलीत घालत, तोंडाला दोरी आवळत आणि गाठीवर लाखेची मोहोर उमटवत. पुढे थैली गेली, नाव आतल्या कागदाला चिकटलं. इंग्रज आल्यावर त्यांच्या ‘डिस्पॅच’लाही आपण खलिताच म्हटलं. हा खलिता कसा बदलत गेला, हे नगरइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसत असेल.

१८०३ चा पावसाळा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनानी आर्थर वेलस्ली नगरजवळ वाळकीला तळ देऊन बसला होता. दौलतराव शिंद्यांशी बोलणी फिसकटली. त्यांच्या छावणीतला इंग्रज रेसिडेंट कर्नल कॉलिन्स ३ ऑगस्टला निघून गेला. ६ तारखेला वेलस्लीने वाळकीहून शिंद्यांना लढाईचं पत्र धाडलं, ८ तारखेला नगरची पेठ घेतली आणि १२ ला किल्ला. या सहा दिवसांत लंडनला कोणी काही विचारलं नाही. विचारणार तरी कसं? आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला पाच-सहा महिने लागत. कलकत्त्यात बसलेला गव्हर्नर जनरल हा वेलस्लीचा थोरला भाऊ. दख्खनमधल्या लढाईचे आणि तहाचे अधिकार त्याने २६ जूनलाच धाकट्याला देऊन टाकले होते. नगर पडल्याची बातमी विलायतेत पोचण्याआधी त्याच युद्धातली असईची लढाईसुद्धा उरकली होती.

म्हणून त्या काळच्या खलित्यात परवानगी मागितलेली नसते. होऊन गेलेली गोष्ट वरिष्ठांच्या गळी उतरवायची असते. वेलस्लीचे खलिते पुढे संपादक गुरवुडने १८३४ पासून खंडाखंडाने छापले. त्यांतला प्रत्येक परिच्छेद मला मागाहून तयार केलेल्या कैफियतीसारखा वाटतो. ज्यांची पेठ लुटली गेली, त्यांची कैफियत मात्र त्या खंडांत नाही.

१८५८ मध्ये कंपनी गेली आणि लंडनला भारतमंत्री आला. मुंबई आणि मद्रासच्या गव्हर्नरांना कलकत्त्याला वळसा घालून थेट त्याला लिहिण्याची मुभा होती. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला लागली आणि निरोपाचा प्रवास तासांवर आला. तरी कागद आटले नाहीत. पाच वर्षांनी सुप्याला दंगा पेटला, पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पसरला. शेतकऱ्यांचा राग होता सावकाराच्या दप्तरावर, त्यातल्या कर्जरोख्यांवर. रोखे जळाले, त्या राखेतून आयोग, अहवाल, पत्रव्यवहार असे कागदच कागद उगवले आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा झाला.

पण तारेने खलित्याचा स्वभावच पालटला, तो दिसतो १९४२ मध्ये. वर्ध्याला १४ जुलैला काँग्रेस कार्यकारिणीचा, इंग्रजांनी भारत सोडावा असा, ठराव झाला आणि व्हाइसरॉय लिनलिथगो व भारतमंत्री ॲमरी यांच्यात तारांची रीघ लागली. गांधींना एडनला आणि कार्यकारिणीला आफ्रिकेत हद्दपार करावं, इथपर्यंत विचार पोचला होता. प्रांतांच्या गव्हर्नरांनी आक्षेप घेतले. हद्दपारी बारगळली. गांधींसाठी पुण्याचा आगाखान पॅलेस ठरला आणि कार्यकारिणीसाठी नगरचा किल्ला. १८०३ मध्ये किल्ला घेताना विचारावं लागलं नव्हतं. आता त्यात माणसं कोंडायची तर त्याची चर्चा लंडनच्या युद्धमंत्रिमंडळापर्यंत.

९ ऑगस्टला अटक केलेल्या नेत्यांना घेऊन खास गाडी बोरीबंदरहून सुटली. गांधींना चिंचवडला उतरवलं, गाडी पुढे नगरला आली. नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव असे बारा जण किल्ल्यात गेले. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने जाहीर केलं नाही. बाहेर देश पेटला. ३१ ऑगस्टला लिनलिथगोने चर्चिलना कळवलं की १८५७ नंतरचं हे सर्वांत गंभीर बंड आहे आणि त्याची खरी व्याप्ती आपण जगापासून लपवून ठेवली आहे. त्या दिवसांत गोळ्या झेललेल्यांना हे वाक्य तेव्हा वाचायला मिळालं नाही. हे कागद ‘ट्रान्सफर ऑफ पॉवर’च्या बारा खंडांत १९७० ते १९८३ दरम्यान छापले गेले. त्यांतला कोरडा परिच्छेद क्रमांक पाहिला, की त्या क्रमांकाखाली किती घरं असतील या विचाराने माझा हात पानावरच थांबतो.

त्याच किल्ल्यात आणखी एक पत्रव्यवहार चालू होता. पहाटे तीन-चारला उठून मौलाना आझाद स्वतःच्या हाताने चिनी चहा करत आणि मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानींना पत्र लिहायला बसत. चहाबद्दल, चिमण्यांबद्दल. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांची पत्नी झुलेखा बेगम वारली. त्याबद्दलही त्यांनी लिहिलं. पत्र जाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी वर मायना असे, खाली सही असे. १९४६ मध्ये ती पत्रं ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापून निघाली. किल्ल्यात असेपर्यंत त्यांतल्या एकाही पत्राला टपाल मिळालं नाही.