देवाचा दरबार

रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडल्यावर सातारा येथे स्थापिलेला ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही त्यात प्रवेश होता, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत कार्यास आरंभ केला व पुढे अहमदनगर (विद्यमान अहिल्यानगर), सोलापूर इ. ठिकाणी केंद्रे उभारली. तेथील एतद्देशीय पाळक, शिक्षक व प्रचारक बहुधा मिशनच्या वेतनावर निर्वाह करीत. धर्मांतरामुळे घर, जात व आप्त यांना मुकलेल्या कुटुंबास हे वेतन म्हणजे मोठाच आधार असे. परंतु त्यामुळेच त्याचा उपदेश पगारी ठरे. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरची वारी ज्या समाजाच्या अंगवळणी पडली होती, त्याला असा उपदेशक परका वाटल्यास नवल नाही.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या व १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. तुकारामाच्या अभंगवाणीने आपणास ख्रिस्तापर्यंत आणले, अशी टिळकांची धारणा होती. अभंग, भजन व कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. परंतु रूप बदलले, तरी प्रचारकाचे आर्थिक परावलंबन कायम राहते, हे त्यांनी ओळखले. वीसहून अधिक वर्षांच्या सेवेनंतर, वयाच्या छप्पनाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी निश्चित वेतनाचा त्याग करून संन्यासवृत्ती पत्करली.

हा संन्यास कुटुंबत्यागाचा नव्हता. साहजिकच त्याची झळ एकट्या टिळकांना लागली नाही. संसार चालविणाऱ्या लक्ष्मीबाईंचा त्यातील वाटा चरित्रकारांनी पुरेसा लक्षात घेतला आहे, असे म्हणता येत नाही. पतीच्या निःसंगपणाची घरातील बाजू त्यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रातून कळते.

बाप्तिस्म्याची अट नसल्याने दरबाराचे चर्चशी नाते काय, हा प्रश्न अटळ होता. तो सोडविण्यास टिळकांना अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.