उतारवयांतील भ्रम आणि त्यावरील औषध

श्रोतेहो, 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपण थट्टेनें सहज वापरतों. माझी स्वतःची साठी उलटल्यापासून ती मला पूर्वीइतकी गोड लागत नाहीं! परंतु याच समजुतीनें वैद्यकशास्त्रासही दीर्घ काळ चकविलें, तें आज सांगावयाचें आहे.

सत्तरीची, एकटी राहणारी, ऐकूं कमी येणारी एक बाई डोळ्यांपुढें आणा. शेजारी भिंतींतून विषारी वायु सोडतात, रात्रीं आपल्याविषयीं कुजबुजतात, असें ती शपथेवर सांगते. हिशेब मात्र चोख, स्मरणशक्ति शाबूत. हिला काय झालें म्हणावें?

आज ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्या विकारास जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'अकालीं येणारा बुद्धिभ्रंश' या अर्थाचें नांव दिलें. नांवांतच तारुण्य शिरलें. म्हाताऱ्यांची आठवण कोणास राहणार? १९४३ सालीं स्वित्झर्लंडचे मान्फ्रेड ब्लॉयलर यांनीं चाळिशीनंतर प्रथमच जडणाऱ्या या विकाराचा वेगळा विचार केला. पुढें १९५५ सालीं इंग्लंडांत मार्टिन रॉथ यांनीं इस्पितळांतील वृद्ध मनोरुग्णांच्या नोंदी तपासल्या. जरेनें बुद्धि झडलेले रुग्ण बहुतेक दोन वर्षांत दगावले होते. स्मृति शाबूत असलेले भ्रमग्रस्त मात्र बहुतेक जिवंत होते. परंतु इस्पितळाच्या भिंतींआडच! दोन्ही आजार एक नव्हेत, हें त्यावरून उघड झालें.

दरम्यान औषध सांपडलें होतें. १९५० च्या अखेरीस फ्रान्समध्यें क्लोरप्रोमाझीन तयार झालें आणि १९५२ सालीं पॅरिस येथील सेंट-ॲन इस्पितळांत डले व डेनिकेर यांनीं तें मनोरुग्णांस दिलें. त्याच जातीचीं औषधें वृद्धांस दिल्यास भ्रम ओसरतात, असें लंडनचे फेलिक्स पोस्ट यांनीं १९६६ सालीं दाखविलें. औषध सुटलें कीं भ्रम पुनः डोकावत.

पण म्हाताऱ्या शरीरांत औषध रेंगाळतें. हातपाय ताठरतात, कंप सुटतो, तोल जातो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत तर अशा औषधांनीं मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २००५ सालीं दिला. म्हणजे रॉथ यांनीं दाखविलेला भेद केवळ पंडिती नव्हता. त्यावर प्राण अवलंबून आहेत.

मग मात्रा किती? साठीनंतर हा विकार जडलेल्या १०१ रुग्णांवरील ब्रिटिश प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ सालीं रॉबर्ट हॉवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केले. अमिसल्प्राइड हें औषध रोज अवघे १०० मिलिग्रॅम, म्हणजे तरुणांच्या मानानें फार थोडें, देण्यांत आलें. तरीही नकली गोळ्यांपेक्षां गुण स्पष्ट अधिक आला.

तेव्हां श्रोतेहो, घरांतील वडील माणूस असें कांहीं सांगूं लागलें, तर हंसूं नका, वादही घालूं नका. त्याचे कान तपासून घ्या, त्याला जाणत्या डॉक्टरांकडे न्या, आणि औषध आपल्या मनानें वाढवूं नका वा थांबवूं नका. बुद्धि नाठी झाली असें समजून आपण ज्यांना दूर लोटतों, त्यांच्यांत पुष्कळदां बुद्धि शाबूत असते. भेदरलेलें असतें तें मन.