दाहशामक औषधे व सांध्यातील कूर्चा

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या किंवा चेतातंतू नसतात. थोड्या कूर्चापेशी कोलॅजेन व ॲग्रिकन यांचे जाळे तयार करतात आणि जुने मोडतात. ॲग्रिकन पाणी धरून ठेवते, म्हणून कूर्चा दाब सोसते. दाहात इंटरल्यूकिन-१ सारखी द्रव्ये हे जाळे तोडणारी विकरे वाढवतात व नवी बांधणी मंदावते.

ॲस्पिरिन गटातील औषधे दाह वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्यामुळे वेदना व सूज कमी होते. पण वेदना शमली म्हणजे कूर्चा वाचली, असे मानता येत नाही. प्रयोगशाळेत ॲस्पिरिनसारखी सॅलिसिलेटे ॲग्रिकनसारख्या प्रोटिओग्लायकनांची बांधणी घटवतात, तर प्रोस्टाग्लँडिने रोखणाऱ्याच सेलेकॉक्सिब या औषधाचे काही प्रयोगांतील परिणाम अनुकूल आहेत. प्रयोगपात्रातील पेशींवर चालताना पडणारा भार नसतो, त्यामुळे हे निष्कर्ष रुग्णाला जसेच्या तसे लावणे धोक्याचे.

स्टेरॉइड या दुसऱ्या दाहशामक गटाबाबत पुरावा अधिक थेट आहे. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (झिजेच्या संधिवातात) दर तीन महिन्यांनी ४० मिग्रॅ. ट्रायम्सिनोलोन हे स्टेरॉइड सांध्यात टोचण्याची दोन वर्षांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १४० रुग्णांपैकी स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिमी., तर सलाइन घेणाऱ्यांची ०.१० मिमी. झिजली, वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. तीव्र वेदनेत एखादे इंजेक्शन उपयोगी ठरते. वारंवार टोचून घेण्याचा निर्णय मात्र जपूनच घ्यायला हवा. ऱ्हूमॅटॉइड संधिवातात चित्र वेगळे असते: तिथे मेथोट्रेक्सेट व टीएनएफ या दाहकारक द्रव्याला रोखणारी औषधे मूळ दाह आवरून सांध्याची हानी मंदावतात.