रिकाम्या घराचा विमा

कोकणातलं आमचं वडिलोपार्जित घर यंदा दुरुस्तीला काढायचं ठरलं. कौलं उतरणार, वासे बदलणार, अम्मी चार महिने बहिणीकडे राहणार. विमा एजंटाने घराची किंमत नंतर विचारली. आधी विचारलं, "घर किती दिवस बंद? सुतार-गवंडी किती दिवस?" मला हा खोडसाळपणा वाटला. पुढे जुने मसुदे वाचले तेव्हा कळलं, हे प्रश्न निदान 1886 इतके जुने आहेत.

त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात अग्निविम्याचा प्रमाणित मसुदा आला. घर 10 दिवस रिकामं राहिलं, तर विमा बाद. दुरुस्तीला कारागीर एका वेळी 15 दिवसांहून जास्त लावले, तरी बाद. कंपनीची लेखी संमती असेल तरच तो टिके. म्हणजे मोठी दुरुस्ती काढणारा दोन्ही कलमांत सापडायचा!

कलमं कडक होती, पण निराधार नव्हती. राहत्या घरात जळका वास कुणाला तरी येतो; बंद घरात ठिणगीला अख्खी रात्र मिळते. 1943 च्या मसुद्यात रिकामेपणाची मुदत 60 दिवस झाली आणि कारागिरांचं कलम गेलं. धोका राहिलाच. 30 ऑगस्ट 1989 रोजी इंग्लंडमधल्या ससेक्सच्या अपपार्क हवेलीत छपरावर शिशाचं काम चालू असताना आग लागली. काम संपतच आलं होतं. विम्याच्या पैशांतून हवेली पुन्हा उभी राहिली, 1995 मध्ये उघडली.

आमच्या दादाजानना विमाच मान्य नव्हता. ही शंकाही जुनी. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन (निधन 1836) यांनी सागरी विम्याची भरपाई घेणं नाकारलं होतं: जे देणं शरीयतने विमा उतरवणाऱ्यावर टाकलेलं नाही, ते नुसत्या कराराने त्याच्यावर येत नाही. आम्ही कोकणी शाफई, तरी दादाजानच्या तोंडी तोच युक्तिवाद असे. मला स्वतःला तो अजून पूर्ण खोडता आलेला नाही. पण मालातला दोष ग्राहकापासून लपवू नये, हेही त्यांनीच शिकवलं. घर रिकामं आहे हे न सांगता हप्ता भरत राहणं मला तसंच वाटलं.

मी कंपनीला सगळं लिहून दिलं: घर बंद, छप्पर उघडं, माणसं पाच, मुदत चार महिने. जादा हप्ता लागला, वर रात्रीच्या राखणीची अट. सध्या शेजारचे चाचा आमच्या ओट्यावर झोपतात.